सिंहांच्या माथ्यावरची जागा

राज्य ही संस्था डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ती तिची माणसे, तिच्या इमारती आणि तिचे कागद. यांपैकी कोणतीही एक गोष्ट म्हणजे राज्य नव्हे. माणसे बदलतात, इमारती पडतात, कागद जीर्ण होतात, आणि तरीही राज्य अखंड चालू आहे असे आपण मानतो. जे दिसत नाही त्याची खूण पटावी म्हणून चिन्हाची योजना करावी लागते. पारपत्राच्या मुखपृष्ठावर, नाण्याच्या एका अंगास, मुद्रांकावर, मंत्र्यांच्या पत्राच्या शिरोभागी तीन सिंहांची जी आकृती असते, ती पाहताच समोरचा कागद कोणा एका व्यक्तीचा उरत नाही. त्यामागे एक संपूर्ण देश उभा आहे असे गृहीत धरले जाते. एवढे सामर्थ्य ज्या आकृतीत साठवले आहे तिच्याविषयी एक प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. हे चिन्ह नेमके कोणाला बांधते? ज्याच्या हाती ते सोपवले आहे त्याला, की ज्याच्यासमोर ते धरले जाते त्याला?

प्रश्न वरवर सोपा वाटतो. व्यवहारात त्याचे उत्तर आपण केव्हाच देऊन टाकले आहे. चिन्ह म्हणजे अधिकार, आणि अधिकार म्हणजे समोरच्याने मान तुकवणे, असा आपला समज आहे. परंतु भारताने जे राजचिन्ह स्वीकारले त्याचा इतिहास आणि त्याची घडण लक्षपूर्वक पाहिली तर हा समज टिकत नाही.

सारनाथ येथे १९०४-०५ साली फ्रेडरिक ऑस्कर अर्टेल यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले, तेव्हा अशोकाच्या भग्न स्तंभाचे शीर्ष हाती लागले. चुनारच्या वालुकाश्मात घडवलेले, आरशासारखी झिलई असलेले हे शिल्प सुमारे सात फूट उंचीचे आहे. खाली घंटेच्या आकाराचे अधोमुख कमळ, त्यावर गोल बैठक, बैठकीच्या कडेला हत्ती, घोडा, बैल आणि सिंह असे चार चालते प्राणी, प्रत्येक दोन प्राण्यांच्या मध्ये चोवीस आऱ्यांचे एक चक्र, आणि वर एकमेकांना पाठ लावून बसलेले चार सिंह. आपल्या परिचयाचे वर्णन येथे संपते. मूळ शिल्प मात्र येथे संपत नव्हते. सिंहांच्या माथ्यावर आणखी एक मोठे, बत्तीस आऱ्यांचे धर्मचक्र होते. ते कोसळले आणि फुटले. त्याचे काही तुकडे तेवढे उत्खननात मिळाले.

या एका तपशिलाने संपूर्ण शिल्पाचा अर्थ पालटतो. चक्र नसेल तर सिंह हेच शिल्पाचे शिखर ठरतात, आणि सर्वांत वर सामर्थ्य आहे असा बोध होतो. चक्र असेल तर सिंह वाहक ठरतात. त्यांचे बळ, त्यांची आयाळ, चारही दिशांना वळलेली त्यांची मुखे ही सारी त्या चक्राला आधार देण्यासाठी आहेत. सारनाथ ही बुद्धाच्या पहिल्या प्रवचनाची भूमी. तेथे प्रवर्तित झालेले चक्र उंच तोलून धरणे हे त्या सिंहांचे काम होते. बुद्धाला शाक्यसिंह म्हटले जाई आणि त्याच्या उपदेशाला सिंहनाद. तेव्हा त्या उघड्या मुखांतून डरकाळी ऐकू यावी की उपदेश, हे माथ्यावर काय आहे यावर अवलंबून होते.

२६ जानेवारी १९५० रोजी भारताने हे स्तंभशीर्ष राजचिन्ह म्हणून स्वीकारले. सपाट पृष्ठावर चारांपैकी तीन सिंह दिसतात. बैठकीवर मध्यभागी चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा आणि दोन्ही टोकांना अन्य चक्रांच्या कडा, अशी ही रचना आहे. तळाचे कमळ वगळले गेले आणि त्याखाली देवनागरी लिपीत ‘सत्यमेव जयते’ हे ब्रीदवाक्य आले. माथ्यावरचे चक्र मात्र घेतलेले नाही. शीर्ष ज्या अवस्थेत सापडले त्याच अवस्थेत ते स्वीकारले गेले. त्यामागे गूढ हेतू शोधण्याचे कारण नाही. तथापि परिणाम असा झाला की, प्रजासत्ताकाच्या चिन्हात सिंहांच्या माथ्यावर एक जागा रिकामी राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या चिन्हात ती रिकामी नाही. तेथे सिंहांवर चक्र आहे. शासन आणि न्याय यांच्या खुणांमधला हा भेद योगायोगाचा असेल, परंतु तो विचार करायला लावतो.

या निवडीचे मोल कळण्यासाठी त्याआधी काय होते तेही स्मरले पाहिजे. ब्रिटिश राजचिन्हात एका बाजूस सिंह, दुसऱ्या बाजूस एकशिंगी काल्पनिक अश्व आणि खाली फ्रेंच भाषेतले ब्रीद होते. देव आणि माझा हक्क, असा त्याचा आशय. राजाचा हक्क थेट ईश्वराकडून आलेला असल्याने मधल्या कोणासही तो जाब देणे लागत नाही, असा त्याचा ध्वनी आहे. त्या जागी जे वाक्य आले त्यात ‘माझा’ हा शब्दच नाही. कोणाचा हक्क, कोणाचे राज्य, कोणाचा विजय, यांपैकी काही त्यात सांगितलेले नाही. जिंकणारा पक्ष म्हणून फक्त सत्याचे नाव घेतले आहे. राज्याने स्वतःच्या चिन्हाखाली स्वतःचे नाव न लिहिता सत्याचे नाव लिहावे, ही मोठी जोखीम आहे. कारण त्या क्षणापासून राज्याच्या प्रत्येक कागदाची तपासणी त्याच्याच मथळ्यावरून करता येते.

हे वाक्य मुण्डकोपनिषदातले आहे, आणि तेथे त्याचा संदर्भ राज्यकारभाराचा नाही. सत्याच्या मार्गाने जाणारा साधक अंतिम पदाला पोहोचतो, एवढेच तेथे अभिप्रेत आहे. त्या विजयात पराभूत होणारा कोणी प्रतिपक्षी नाही. हेच वाक्य राज्याच्या मुद्रेवर आले की त्याच्यासमोर प्रतिपक्ष उभे राहतात. वादी आणि प्रतिवादी, करदाता आणि करवसूल करणारा, आंदोलक आणि बंदोबस्त अशी माणसे या वाक्याच्या दोन बाजूंना येतात. अशा वेळी वाक्याचा अर्थ काय घ्यायचा?

वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून ते घेतले तर दोन अडचणी येतात. पहिली सर्वांना ठाऊक आहे: इतिहासात असत्य अनेकदा आणि दीर्घकाळ जिंकलेले दिसते. दुसरी अडचण अधिक घातक आहे. केवळ सत्यच जिंकते हे जर घडून येणाऱ्या गोष्टींचे वर्णन असेल, तर जे जिंकले ते सत्यच असले पाहिजे, हा निष्कर्ष तर्काने टाळता येत नाही. मग ज्याच्या हाती सत्ता आली तो खरा ठरतो आणि हरलेला खोटा. नम्रतेचे वाक्य अशा रीतीने उद्दामपणाचे होऊन बसते. म्हणून राज्याच्या मुखी हे वाक्य वर्णन म्हणून शोभत नाही. ते संकल्प म्हणूनच घेतले पाहिजे. जे सत्य नाही त्याला आम्ही विजय म्हणणार नाही, असा तो संकल्प आहे.

या अर्थाने पाहिले तर हे ब्रीद फार अवघड आहे. एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या निवृत्तिवेतनाचा दावा खात्याकडे आला, तिचे म्हणणे खरे आहे हे खात्यातील प्रत्येकाला माहीत आहे, परंतु अर्ज मुदतीनंतर आला किंवा एक जुना कागद मिळत नाही एवढ्या आधारावर खाते न्यायालयात जिंकले, असे समजू. निकालपत्रात राज्य विजयी आहे. तेथे नियमाचे पालन झाले असेल, कोशागाराचे पैसेही वाचले असतील. परंतु ज्या चिन्हाखाली ती लढाई लढली गेली त्याच्या मापाने राज्य तेथे हरले आहे. मुदतीचे नियम निरर्थक आहेत असे येथे म्हणायचे नाही. त्यांच्यावाचून कोणताच व्यवहार पुरा होणार नाही. म्हणायचे आहे ते इतकेच की, खासगी पक्षकाराला जी युक्ती क्षम्य आहे ती राज्याला तितक्या सहज क्षम्य नाही. खासगी पक्षकाराने आपल्या पत्राच्या शिरोभागी सत्याची शपथ छापून घेतलेली नसते.

ज्या स्तंभाचे हे शीर्ष आहे त्याच्या अंगावर काय कोरले होते, हेही पाहण्यासारखे आहे. स्तंभाचा बुंधा आजही सारनाथला आहे आणि त्यावर ब्राह्मी लिपीत अशोकाची आज्ञा आहे. संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला किंवा भिक्षुणीला पांढरी वस्त्रे देऊन विहाराबाहेर राहण्यास लावावे, अशी ती कडक आज्ञा आहे. सिंहांच्या खाली कोमल उपदेशच असेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्याची येथे निराशा होते. अशोकाने सत्ता टाकून दिली नव्हती. कलिंगयुद्धातील संहाराबद्दल अनुताप व्यक्त करणाऱ्या तेराव्या शिलालेखातच त्याने अरण्यवासी लोकांना आपल्या दंडशक्तीचीही आठवण करून दिली आहे. सारनाथच्या आज्ञेत मात्र आणखी एक गोष्ट आहे. तिची एक प्रत अधिकाऱ्यांजवळ राहावी आणि दुसरी उपासकांजवळ ठेवावी, तसेच उपोसथाच्या दिवशी दोघांनीही येऊन तिचा परिचय करून घ्यावा, असे त्यात सांगितले आहे.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या या तरतुदीला आजचे अर्थ चिकटवणे बरे नाही. तरीही तिचा साधा परिणाम नजरेआड करता येत नाही. ज्याला आज्ञा पाळावयाची आहे त्याच्याही हाती तिची प्रत आहे. अधिकारी सांगेल तीच आज्ञा, असे तेथे उरत नाही, कारण सामान्य उपासकाला मूळ शब्द पाहता येतात. आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्यास अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली मिळाला, तोही याच हेतूची साक्ष देतो. राजाचे बोल मगधापासून दूर पश्चिमेच्या बंदरात, लोकांच्या बोलीजवळच्या प्राकृतात, उघड्यावर कोरलेले होते.

आपल्या काळातही चिन्हाच्या वापराला नियम आहेत. १९५० च्या कायद्याने बोधचिन्हांच्या आणि नावांच्या व्यापारी गैरवापरास बंदी घातली. पुढे राजचिन्हासाठी स्वतंत्र कायदा २००५ साली आणि वापराचे नियम २००७ साली झाले. चिन्ह कोणत्या इमारतींवर, कोणत्या वाहनांवर, कोणाच्या पत्रावर असावे हे त्यांत ठरवून दिले आहे. अनधिकृत वापराला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा २००५ च्या कायद्याने ठेवली. नियमांमधील एक तरतूद विशेष अर्थपूर्ण आहे. माजी मंत्री, माजी लोकप्रतिनिधी, माजी न्यायाधीश आणि निवृत्त अधिकारी यांनाही हे चिन्ह वापरता येत नाही. पद सोडताना ते तेथेच ठेवून जावे लागते. कितीही मोठा माणूस असो, सिंह त्याच्या घरी जात नाहीत. ते त्याला कधी दिलेलेच नव्हते. काही काळ वाहण्यासाठी सोपवलेले होते.

परंतु कायद्याची ही दृष्टी एका बाजूपुरती आहे. ज्याला अधिकार नाही त्याने चिन्ह वापरणे हा गुन्हा ठरतो. ज्याला अधिकार आहे त्याने त्याच चिन्हाखाली जाणूनबुजून खोटे लिहिले तर अन्य कायदे लागू होतील. चिन्हाचा गैरवापर झाला असे मात्र कोणी म्हणत नाही. खासगी मोटारीवर हौसेने सिंह रंगवणारा माणूस चिन्हाचा अवमान करतो, आणि खोट्या अहवालावर अधिकृत मोहर उठवणारा करत नाही, हा हिशेब कायद्याच्या चौकटीत बरोबर असेल. नीतीच्या चौकटीत तो उलटा आहे. पहिल्याने चिन्हाची शोभा चोरली, दुसऱ्याने त्याचे वचन मोडले.

या उलट्या हिशेबाची किंमत अलीकडे सामान्य माणसांनी मोजली आहे. ‘डिजिटल अटक’ या नावाने जी फसवणूक देशभर पसरली, आणि जिच्याविषयी २०२४ साली पंतप्रधानांनाही आकाशवाणीवरून लोकांना सावध करावे लागले, तिच्यात भामट्यांचे एक मुख्य हत्यार म्हणजे राजचिन्ह छापलेला बनावट कागद. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सिंह दिसले की शिकलेली, व्यवहार जाणणारी माणसेही गोठून जातात आणि जन्माची पुंजी परक्याच्या खात्यात भरून मोकळी होतात. यात भामट्यांचा दोष उघड आहे. परंतु त्यांनी ज्या गोष्टीवर भिस्त ठेवली ती गोष्ट त्यांनी निर्माण केलेली नव्हती. सिंह दिसल्यावर प्रश्न विचारायचा नसतो, ही शिकवण या माणसांना आयुष्यभराच्या खऱ्या कागदांनी आणि खऱ्या कचेऱ्यांनी दिली होती. ज्या देशात राजचिन्ह पाहून नागरिकाला आधी धीर येतो, तेथे अशा कागदाला पहिला प्रश्न असा येईल की, हे खरे कशावरून? सत्याचे नाव धारण करणाऱ्या चिन्हाला हा प्रश्न अवमान वाटण्याचे कारण नाही. किंबहुना त्या चिन्हाला शोभेल असा आदर तोच आहे.

चिन्हाचा हा दुसरा, आश्वासक चेहरा अगदी अनोळखीही नाही. पारपत्रावर तेच सिंह आहेत, आणि तेथे राष्ट्रपतींच्या नावे परक्या देशांना विनंती केलेली असते की, या व्यक्तीला निर्वेध जाऊ द्यावे व लागेल ते साहाय्य द्यावे. तेथे चिन्ह नागरिकाच्या पाठीशी उभे राहते. सीमेपलीकडे जो आपला जामीन होतो तो सीमेच्या आत आपल्याला धाक का घालतो, हा प्रश्न भाबडा असला तरी रास्त आहे.

२०२२ साली नव्या संसदभवनावर साडेसहा मीटर उंचीचे, साडेनऊ हजार किलो वजनाचे कांस्य राजचिन्ह बसवण्यात आले, तेव्हा देशात एक वाद झाला. मूळ सिंह शांत व संयत आहेत, नवे सिंह उग्र दिसतात, असे काहींचे म्हणणे होते. आकार आणि पाहण्याचा कोन बदलल्याने तसा भास होतो, असे दुसऱ्यांचे उत्तर होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये याचिका फेटाळताना न्यायालयाने, कोणाला काय वाटते हे पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते, असा अभिप्राय दिला. कायद्यापुरता विषय तेथे संपला. पाहणाऱ्याचे मन घडते कसे, हा प्रश्न त्यानंतरही उरतो. सिंहाचा जबडा किती उघडा आहे हे शिल्पकार ठरवतो. तो पाहून भय वाटावे की भरवसा, हे त्या सिंहांच्या नावाने दररोज होणारा कारभार ठरवतो. वादी आणि प्रतिवादी दोघेही सिंहांच्या मुखाविषयीच बोलत राहिले. त्यांच्या माथ्याविषयी कोणी फारसे बोलले नाही.

मराठी माणसाला मुद्रेच्या या दुहेरी धर्माची ओळख त्याच्या भाषेनेच करून दिली आहे. फार्सी शिक्क्यांच्या काळात शिवछत्रपतींनी संस्कृत मुद्रा वापरली. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढणारी, जगाला वंद्य असलेली ही मुद्रा कल्याणासाठी शोभते, असा तिचा आशय सर्वश्रुत आहे. त्याच पत्रांच्या अखेरीस आणखी एक लहान शिक्का असे: ‘मर्यादेयं विराजते’. पत्राचा मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, असा त्याचा व्यावहारिक हेतू होता. आरंभीचा शिक्का आणि अखेरचे मोर्तब ही दोन्ही उमटल्यावाचून कागद पुरा होत नसे. आपला ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द त्यातूनच आला. आज तो आपण केवळ मान्यतेच्या अर्थाने वापरतो. त्यातले मोर्तब, म्हणजे अधिकाराचा शेवट सांगणारी खूण, आपण विसरलो आहोत. कल्याणाने सुरू होणारी आणि मर्यादेने संपणारी सत्ता, अशी या दोन शिक्क्यांची संगती लावली तर ती मूळ हेतूच्या फार पलीकडे जाते असे मला वाटत नाही.

पालि दीघनिकायात चक्कवत्तिसीहनाद नावाचे सुत्त आहे. चक्रवर्ती आणि सिंहनाद हे दोन्ही शब्द त्याच्या नावातच आले आहेत. त्यात एका राजाचे दिव्य चक्र आपल्या जागेवरून ढळते आणि नाहीसे होते. राज्यावर आलेल्या मुलाला सांगितले जाते की, हे चक्र वडिलोपार्जित नाही. चक्रवर्तीचे व्रत पाळशील तर ते पुन्हा प्रकट होईल. पुढच्या पिढ्यांत एक राजा रक्षण करतो, परंतु निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या आणि असत्य अशी साखळी सुरू होते. चक्र गेले तरी राजा राजाच राहतो, त्याचे सैन्यही राहते. फक्त ते राज्य ज्यासाठी होते ती गोष्ट राहत नाही.

आपल्या राजचिन्हातील रिकाम्या जागेचा अर्थ या कथेच्या प्रकाशात लावता येतो. ती जागा दगडात भरून काढण्याची मागणी करण्यात हशील नाही. चक्र कोरून बसवले म्हणून ते प्रकट झाले असे होत नाही, आणि कोरलेले नसले म्हणून ते नाहीच असेही नाही. अधिकृत हात जेव्हा जेव्हा त्या चिन्हाखाली सही करतो, तेव्हा सिंहांच्या माथ्यावर काही आहे की नाही हे त्या एका कागदापुरते ठरत असते. आणि तो कागद ज्याच्या हाती पडतो त्याचेही एक काम आहे. सारनाथच्या उपासकांप्रमाणे त्याच्याजवळही आज्ञेची एक प्रत आहे. दोनच शब्दांची ती प्रत चिन्हाच्या खालीच छापलेली असते. वरचे सिंह पाहून थांबण्याआधी त्याने तेवढे खाली पाहावे, आणि समोरच्या मजकुराला ते शब्द लागू पडतात का, हे शांतपणे विचारावे.